बाद झालेल्या डिस्कनं वाचवलेलं पुस्तक

रेड ५ मध्ये (अनेक डिस्क जोडून एकच मोठी डिस्क असल्यासारखी वापरायची पद्धत) चारपैकी एक डिस्क गेली तर काम चालतं, दोन गेल्या की सगळं संपलं, हे मी स्वतः कितीतरी जणांना सांगितलंय आणि हिशोबानं ते बरोबरच आहे, पण सांगलीच्या एका बंद छापखान्यातल्या सर्व्हरवर काम केल्यापासून मी हे वाक्य बोलायच्या आधी चारही डिस्क हातात घेऊन बघते. कारण या केसमध्ये दोन डिस्क "गेलेल्या" होत्या, आणखी एक जायच्या वाटेवर होती, आणि तरीही जवळजवळ सगळा डेटा परत आला, आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग अशा डिस्कमुळे आला जिला सर्व्हरनं २०१६ मध्येच बाहेर काढलेलं होतं. हे सगळं डिटेलमध्ये लिहून ठेवतेय कारण छोट्या प्रेसमध्ये, शाळांमध्ये, पतसंस्थांमध्ये असे सर्व्हर अजून पडलेले आहेत आणि लोक ते भंगारात घालतायत.

आधी सर्व्हरबद्दल. बाबांच्या मित्राचा छापखाना, मी त्यांना काकाच म्हणते. २००८ च्या सुमारास घेतलेला टॉवर सर्व्हर, त्यात ५०० जीबीच्या चार साटा डिस्क, सेंटओएस ५ ही लिनक्स सिस्टिम, आणि ऑपरेटर मुलांच्या पीसींना सांबावरून एक शेअर, म्हणजे नेटवर्कवरचा सामायिक फोल्डर, दिलेला. रेड कार्ड वगैरे नाही, लिनक्सचंच सॉफ्टवेअर रेड, डिस्कच्या सुरुवातीच्या छोट्या पार्टिशनांवर सिस्टिम आणि उरलेल्या सगळ्या जागेत रेड ५. त्या शेअरवर अकरा-बारा वर्षांचं सगळं काम, शाळांच्या स्मरणिका, दिवाळी अंक, पतसंस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका, कवितासंग्रह, सगळं पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा छापखान्याचा तळमजला पूर्ण पाण्यात होता. मशीन गेलं, कागदाचे रीम गेले, छापून ठेवलेल्या पुस्तकांचे गठ्ठे गेले. सर्व्हर माळ्यावर होता म्हणून कोरडा राहिला. काकांनी त्यानंतर प्रेस पुन्हा सुरू केलीच नाही, वय झालं होतं आणि मुलगा वेगळ्या लायनीत आहे, त्यामुळे सर्व्हर तिथंच बंद पडून होता.

मग आता मध्येच त्याची आठवण का आली, तर एका शिक्षकांचं पुस्तक. कृष्णा-वारणेच्या काठच्या गावांमधून त्यांनी म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून लिहून घेतल्या होत्या, किती वर्षं त्यात घातली होती कुणास ठाऊक, आणि २०११ मध्ये स्वतःच्या पैशानं काकांकडून पुस्तक छापून घेतलं होतं. प्रती थोड्याच, उरलेल्या प्रेसमध्येच ठेवलेल्या, त्या पुरात गेल्या. सर वारले. त्यांच्या मुलीला पुस्तक पुन्हा काढायचं होतं, तिच्याकडे एक प्रत, तीही भिजून पानं चिकटलेली. ज्या बायकांनी त्या ओव्या सांगितल्या त्यातली बहुधा आता कुणीच नाही. काका फोनवर म्हणाले, "पोरी, बाकीचं काय मिळालं नाही तरी चालंल, सरांचं पुस्तक तेवढं बघ."

काकांनी त्याआधी तिथल्याच एका हार्डवेअरवाल्याला दाखवलं होतं. सर्व्हर चालूच होईना, बटन दाबलं की पंखा जरासा हलायचा आणि बंद. त्यानं एकेक डिस्क काढून बघितली, चौथी काढल्यावर सर्व्हर चालू झाला, पण रेड ५ काही उभा राहिना, दोन डिस्क गायब. त्यानं सांगितलं दोन गेल्यात, आता फॉरमॅट. चुकीचं काही नव्हतं त्याचं, स्क्रीनवर जे दिसत होतं तेच त्यानं सांगितलं, आणि मुख्य म्हणजे त्यानं काही लिहिलं नाही डिस्कवर, त्याबद्दल मी त्याची मनापासून आभारी आहे.

सर्व्हर पुन्हा चालू करायचाच नाही हे मी आधीच ठरवलेलं. चारही डिस्क काढल्या, कुठली कुठल्या पोर्टला होती त्याचे फोटो, प्रत्येकीवर स्केचपेननं नंबर, सिरियल नंबर वहीत. सॉफ्टवेअर रेडमध्ये डिस्कचा क्रम डिस्कवरच्या सुपरब्लॉकमध्ये (रेडची माहिती ठेवायची छोटी जागा) लिहिलेला असतो त्यामुळे पोर्ट बदलले तरी फरक पडत नाही, पण हार्डवेअर कार्ड असेल तर क्रम हरवला की डोक्याला फार ताप होतो, म्हणून ही सवय कायम असलेली बरी.

पुण्यात आणल्यावर एकेक डिस्क माझ्या लिनक्स मशीनला लावून स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती, काढला. पहिली एकदम ठणठणीत. दुसरीवर पेंडिंग सेक्टर दिसले, म्हणजे अशा जागा ज्या डिस्कला स्वतःलाच वाचता येत नाहीयेत आणि त्यांचं काय करायचं ते तिनं अजून ठरवलेलं नाही. तिसरी, जी सर्व्हरला "गायब" वाटत होती, ती चक्क चालू झाली! एकही खराब सेक्टर नाही, फक्त सीआरसी एररचा आकडा भयंकर मोठा. हा आकडा वाढला की डिस्कच्या आधी केबल बघायची, कारण तो डिस्क आणि बोर्डाच्या मधल्या वायरीवर डेटा बिघडल्याचा असतो. फोटो मोठा करून बघितला तर तिसऱ्या डिस्कची लाल साटा केबल कॅबिनेटच्या पत्र्याच्या कडेला दबून वाकलेली दिसत होती. म्हणजे चांगली डिस्क होती आणि केबलपायी बाहेर फेकली गेली.

चौथी पूर्ण मुकी. फिरण्याचा आवाज नाही, टकटक नाही, आणि ती लावली की पॉवर सप्लायच बंद पडतो. टकटक आवाज आला असता तर मी हातच लावला नसता, तेव्हा आतली डेटा वाचणारी हेड बहुतेक गेलेली असतात आणि ते काम क्लीनरूमवाल्या (धूळमुक्त खोली असलेल्या) लॅबचंच आहे, प्रत्येक वेळी पॉवर दिली की प्लेटवर ओरखडे वाढू शकतात. पण सप्लायच बंद पडणं हे वेगळं लक्षण आहे. ३.५ इंची डिस्कच्या सर्किट बोर्डावर पॉवर कनेक्टरच्या जवळ साधारण दोन छोटे टीव्हीएस डायोड असतात, एक ५ व्होल्टच्या लाइनवर, एक १२ च्या. जास्त व्होल्टेज आलं की ते स्वतः शॉर्ट होतात आणि बोर्डाला वाचवतात. मल्टिमीटर लावला तर १२ व्होल्टवाला दोन्ही बाजूंनी सलग बीप देत होता.

लोक अशा वेळी ऑनलाइन तसाच दुसरा बोर्ड मागवतात आणि अदलाबदल करतात, ते बऱ्याचदा चालत नाही, कारण बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये त्या विशिष्ट डिस्कच्या हेडचं कॅलिब्रेशन असतं, बोर्ड बदलला तर ती चिपही काढून नव्यावर लावावी लागते. इथं त्याची गरज नव्हती. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातल्या, तपकीर गल्लीतल्या एका ओळखीच्या रिपेअरवाल्यानं हॉट एअरनं तो एक डायोड उचलला, बस. डायोड काढला तरी डिस्क चालते, फक्त संरक्षण गेलेलं असतं, म्हणून पुढं तिला चांगल्या सप्लायवरच लावायचं आणि एकदा कॉपी झाली की परत नाही. घरी आणून लावली आणि ती गुंऽऽ करून फिरायला लागली तेव्हा मी खरंच टाळ्या वाजवल्या.

आता सगळ्यात मोठं काम, कॉपी. मूळ डिस्कवर काहीही प्रयोग करायचे नाहीत, चारही डिस्कची सेक्टर टू सेक्टर इमेज (एका फाइलमध्ये जशीच्या तशी नक्कल) एका ४ टीबीच्या नव्या डिस्कवर घ्यायची आणि पुढचं सगळं त्या इमेजवर. यासाठी ग्नू डीडीरेस्क्यू. याच्यासारखं दुसरं टूल नाही असं माझं प्रामाणिक मत आहे, कारण ते आधी सोपं सगळं उचलतं, अडलं की ती जागा सोडून पुढं जातं, आणि काय वाचलं काय राहिलं हे एका मॅप फाइलमध्ये लिहीत जातं, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी तिथूनच पुढं चालू. चांगल्या तीन डिस्क विनातक्रार निघाल्या. दुसरीला पहिल्या फेरीत खरवडू न देता फक्त सहज मिळेल ते घेतलं, मग उलट्या दिशेनं एक फेरी, मग राहिलेल्या तुकड्यांवर पुन्हा प्रयत्न, समोर टेबल फॅन लावून कारण खराब जागा वाचताना डिस्क तापते. पहिला ९९ टक्क्यांच्या वरचा भाग पटकन आला आणि शेवटच्या थोड्याशासाठी रात्र गेली, ते नेहमीचंच. शेवटी ५०० जीबीपैकी साधारण १० एमबी वाचायचं राहिलं आणि तिथं मी थांबले.

आता एमडीएडीएमनं (लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड सांभाळणारं टूल) प्रत्येक इमेजचा सुपरब्लॉक वाचला. हा जुन्या ०.९० फॉरमॅटचा, तो पार्टिशनच्या शेवटी असतो, चंक (एका डिस्कवर सलग लिहिला जाणारा तुकडा) ६४ केबी, मांडणी लेफ्ट सिमेट्रिक. खाली दोन गोष्टी बघायच्या, अपडेट टाइम आणि रेडमध्ये बदल होत जातील तसा वाढणारा इव्हेंट्सचा आकडा. पहिली, दुसरी आणि चौथी, तिघींचा आकडा एकच आणि तारीख ऑगस्ट २०१९. तिसरीची तारीख जून २०१६. म्हणजे तिसरी डिस्क २०१६ मध्ये बाहेर पडली आणि पुढची तीन वर्षं सर्व्हर तीनच डिस्कवर, कुठलंही संरक्षण नसताना चालला आणि कुणाला पत्ता नाही. नंतर सिस्टिमच्या पार्टिशनमधून रूटचा (सिस्टिमच्या मुख्य खात्याचा) मेलबॉक्स उघडून बघितला तर त्यात अ‍ॅरे डिग्रेडेड झाल्याच्या, म्हणजे डिस्कच्या संचातली एक डिस्क कमी असल्याच्या, मेलची रांग होती. प्रेसमध्ये सर्व्हर रोज रात्री बंद करायचे, त्यामुळे रोज सकाळी चालू झाला की एक मेल, तीन वर्षं, अशा मेलबॉक्समध्ये जो कुणी कधी उघडलाच नाही. ते बघून फार वाईट वाटलं. यंत्र आपलं काम रोज इमानदारीत करत होतं. ज्यानं कुणी सर्व्हर बसवला त्यानं एक खरा ईमेल पत्ता टाकला असता तर ५० रुपयांच्या केबलवर भागलं असतं.

इथं एक सांगते, खूप जण या टप्प्यावर चारही डिस्क एकत्र करून जबरदस्तीनं अ‍ॅरे उभा करतात किंवा नवीन क्रिएट कमांड मारतात. तिसरी जुनी डिस्क त्यात घुसली की २०१६ आणि २०१९ चा डेटा एकमेकांत मिसळतो आणि रिसिंक (डिस्क एकमेकींशी जुळवून घेणं) चालू झालं तर तो गोंधळ कायमचा लिहिला जातो. म्हणून मी इमेज रीड ओन्ली लूप डिव्हाइसवर लावल्या, म्हणजे फाइलच डिस्कसारखी दिसते आणि तिच्यावर लिहिता येत नाही, वर ओव्हरले दिला म्हणजे जे काही लिहिलं जाईल ते वेगळ्या फाइलमध्ये जाईल, आणि फक्त पहिली, दुसरी, चौथी घेऊन अ‍ॅरे असेंबल केला. ईएक्सटी३ फाइल सिस्टिम, जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) न चालवता रीड ओन्ली माउंट केली, आणि आली! फोल्डर दिसले. "दिवाळी २०१२". "स्मरणिका". "ओव्या सर".

ओव्यांच्या फोल्डरमध्ये प्रकरणागणिक पेजमेकर फाइली होत्या, त्यातल्या दोन उघडेनात. नाव दिसतंय, साइज बरोबर, पण आत बिघाड. त्या १० एमबीतला काही भाग नेमका यांच्यावर पडला होता.

आधी हे शोधायला हवं होतं की एकूण किती फाइली बिघडल्यात, कारण हजारो फाइली एकेक उघडून बघणं शक्य नाही. त्यासाठी केलं असं की दुसऱ्या डिस्कच्या इमेजच्या दोन कॉपी केल्या, एकीत न वाचलेल्या जागी सगळी शून्यं भरली आणि दुसरीत सगळे एफएफ (म्हणजे सगळे बिट एक). दोन्हींनी आळीपाळीनं अ‍ॅरे उभा केला आणि दोन्ही वेळा प्रत्येक फाइलचा एमडी५ (आतल्या डेटावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) काढला. ज्या फाइलींचा एमडी५ दोन वेळेला वेगळा आला त्या खराब जागेवर बसलेल्या, बाकी सगळ्या शंभर टक्के सुरक्षित. आणि इथं फक्त दुसऱ्या डिस्कवरच्या फाइलीच नाही तर बाहेर ठेवलेल्या तिसरीवरच्याही धरल्या जातात, कारण तिसरीचा डेटा बाकी तिघींवरून काढला जातोय आणि त्यात दुसरीची खराब जागा आली की उत्तरही खराब येतं. यादी छोटी निघाली, पण तिच्यात ओव्यांची ती दोन प्रकरणं होती.

आणि मग मला तिसरी डिस्क आठवली. रेड ५ चा हिशोब साधा आहे, तिघांचे आकडे आणि चौथ्याकडे त्यांची बेरीज लिहून ठेवायची, एकाचा आकडा पुसला गेला तरी बेरजेतून बाकीचे वजा करून तो मिळतो. खरंतर बेरीज नसते, एक्सॉर (बिट सारखे की वेगळे हे बघणारी क्रिया) असतो, आणि एक्सॉरची गंमत अशी की चारही डिस्कच्या एकाच जागेवरचे बाइट एकमेकांशी एक्सॉर केले की उत्तर शून्य येतं, मग पॅरिटी (म्हणजे ती बेरीज) कुठल्या डिस्कवर आहे, क्रम काय आहे, काहीही माहीत नसलं तरी चालतं. तिसरी डिस्क २०१६ ला थांबली आहे हे खरं, पण पुस्तक २०११ चं आहे! त्या जागेवर त्यानंतर कुणी काही लिहिलंच नसेल तर तिसरी डिस्क तिथं अजूनही बरोबर आहे, आणि पहिली, तिसरी, चौथी यांच्या एक्सॉरमधून दुसरीवरचे न वाचलेले बाइट जसेच्या तसे मिळायला हवेत.

"लिहिलं नसेल तर" हे मात्र तपासायला पाहिजे, नाहीतर आपण आत्मविश्वासानं कचरा भरू. त्याचीही सोय आहे. खराब सेक्टर म्हणजे ५१२ बाइट, त्याच्या आजूबाजूचा ६४ केबीचा चंक बऱ्यापैकी वाचता येत होता. तर त्या आजूबाजूच्या वाचलेल्या जागांवर चारही इमेजचा एक्सॉर करून बघायचा, सगळीकडे शून्य आलं तर २०१६ नंतर तिथं हात लागलेला नाही असं बऱ्याच खात्रीनं म्हणता येतं, शून्य नाही आलं तर ती जागा नंतर बदललेली आहे, तिथं काही भरायचं नाही. डीडीरेस्क्यूची मॅप फाइल वाचून हे करणारी पायथनची छोटीशी स्क्रिप्ट लिहिली, पन्नासेक ओळींची असेल, आणि ती दुसरीच्या कॉपीवर चालवली. खराब तुकड्यांपैकी बहुतेकांच्या शेजारी शून्यच शून्य. प्रेसचा डेटा असाच असतो, एकदा छापून झालेल्या कामाला पुन्हा कोण हात लावतोय. तेवढे तुकडे भरले, अ‍ॅरे परत उभा केला आणि दोन्ही प्रकरणं आणखी एका रिकाम्या फोल्डरमध्ये कॉपी केली.

उघडून बघायला विंडोज एक्सपीचं व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) आणि त्यात पेजमेकर ७, त्यानंतर पेजमेकरचं व्हर्जन आलंच नाही. फॉन्ट त्याच शेअरवर एका फोल्डरमध्ये ठेवलेले होते, हे ज्या ऑपरेटरनं केलं त्याला दंडवत, कारण हे युनिकोड नाही, तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. पहिलं बिघडलेलं प्रकरण उघडलं. पानं आली. ओव्या, खाली सांगणाऱ्या बाईचं नाव, गाव. मी तिथंच बसून वाचत राहिले, दळणाच्या, माहेरच्या, भावाच्या ओव्या. कुठल्या कुठल्या गावातल्या बायका, ज्यांचं नाव दुसरीकडे कुठंही छापलं गेलं नसणार. रेकॉर्डिंग कधी झालंच नव्हतं, सरांनी सगळं हातानं उतरवलेलं. काकांना व्हिडिओ कॉल करून स्क्रीन दाखवली, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "मार्जिन बघ, आतलं मार्जिन मीच वाढवायला लावलेलं, बाइंडिंगला जातंय म्हणून."

पुस्तकाच्या सगळ्या पानांची पीडीएफ काढली, ती लगेच सरांच्या मुलीला पाठवली. युनिकोडमध्ये न्यायचं काम जास्त किचकट निघालं. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात, म्हणजे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार त्याच्या अक्षराच्या नंतर, आणि कन्व्हर्टर जोडाक्षरं आली की गडबडतो. त्यात ओव्यांची भाषा बोलीतली, त्यामुळे स्पेलचेकचा उपयोग शून्य, तो सगळ्या चांगल्या शब्दांखाली लाल रेघा मारतो. सरांची मुलगी पीडीएफ शेजारी ठेवून ओळ न ओळ तपासतेय, काही शब्दांसाठी आजोळी फोन करून विचारते की हे असंच म्हणतात ना.

जे आलं नाही तेही सांगते. २०१६ नंतरच्या ज्या फाइली खराब जागेवर होत्या त्यांना काही पर्याय नव्हता, त्यात थोड्या लग्नपत्रिका, एका पतसंस्थेचा अहवाल आणि २०१८ ची एका शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, तिची शेवटची पानं तुटलेली. पत्रिकांचं कुणाला काही नाही, पण स्मरणिकेत माजी मुख्याध्यापकांच्या आठवणी होत्या. काकांनी शाळेत फोन लावला, ग्रंथालयात एक छापील प्रत आहे, ती स्कॅन करायला मिळणार आहे. सगळा डेटा आता दोन वेगळ्या डिस्कवर आहे, एक सांगलीत काकांच्या कपाटात, एक माझ्याकडे, आणि सोबत एमडी५ ची यादी म्हणजे काही वर्षांनी पुन्हा तपासता येईल. मूळ चार डिस्कही ठेवल्यात, तिसरीवर मी मार्करनं "फेकू नये" असं लिहिलंय. काका आता बाकीच्या फोल्डरांची यादी घेऊन बसलेत आणि रोज एक नाव पाठवतात, हे उघड, ते उघड, कालचं होतं तासगावच्या एका कवीचा पहिला संग्रह, ज्याची त्या कवीकडेसुद्धा प्रत उरलेली नाही म्हणे.